एक उतारू कमी

१

खाडीपलीकडून सुटलेली दहा वीसची फेरीबोट दहा चाळीसला धक्क्याला लागली. तिकडून चढताना माणसं मोजली होती त्रेसष्ट. इकडे उतरताना भरली बासष्ट.

फाटकवाल्याने आधी स्वतःलाच शिव्या घातल्या. हातातल्या मोजणीच्या यंत्राकडे पाहिलं, ते झटकलं, पलीकडच्या धक्क्याला फोन लावला. तिकडचा फाटकवाला म्हणाला, "त्रेसष्ट म्हणजे त्रेसष्ट." मग याच्या तोंडचं पाणी पळालं. तो धावत निघाला तो थेट चौकशीच्या खिडकीपाशी. त्या गावात कुणाचं काहीही अडलं तरी माणूस तिथेच जायचा. पोलीस चौकी शेजारीच होती, पण तिथे उत्तरापेक्षा प्रश्नच जास्त मिळायचे.

खिडकीत एकोणीस वर्षं एकच बाई बसत होत्या. त्यांना सगळे चौकशीताई म्हणत. समुद्रकाठच्या या गावात कसं यायचं आणि आल्यावर कसं फिरायचं हे त्यांना तोंडपाठ होतं. आगगाडी खाडीच्या पलीकडेच थांबते. तिथून दोन वाटा. एक रस्त्याने, खाडीला वळसा घालून, नव्वद किलोमीटर, तीन तास आणि इतकी वळणं की पोटातलं सकाळचं सगळं बाहेर यावं. दुसरी फेरीबोट, वीस मिनिटं. गावात अर्ध्या तासाने मिनीबस, धक्क्यासमोर बॅटरीगाड्या, कोपऱ्यावर भाड्याच्या सायकली. दुपारी बारा ते चार किनाऱ्याचा रस्ता इंजिनच्या गाड्यांना बंद. एकोणीस वर्षांत आपण कुणाला चुकीची वाट सांगितली नाही, याचा ताईंना फार अभिमान होता. तो त्या कधी बोलून दाखवत नसत, फक्त दिवसातून दोनदा आठवत.

फाटकवाल्याचं बोलणं संपायच्या आत खिडकीशी एक चाळिशीची बाई आली. केस विस्कटलेले, खांद्याला दोन पर्सा.

"माझे वडील दिसले का कुठे? उंच आहेत, हातात काठी. बोटीवर बरोबर होते. उतरल्यापासून सापडत नाहीत."

ताईंनी आवाज ओळखला. कालच दुपारी हिचा फोन आला होता. रस्त्याने यावं की बोटीने, असं विचारत होती. ताईंनी म्हटलं होतं, "वडील बरोबर आहेत ना? मग रस्त्याचं नावही काढू नका. बोटीने या. वारा खात वीस मिनिटांत पोचाल."

ताई खुर्ची मागे सारून उठल्या.

तेवढ्यात बोट चालवणारा तांडेल धक्क्यावरून चालत आला. त्याच्या एका हातात काठी होती, दुसऱ्या हातात घडी केलेलं वर्तमानपत्र.

"खालच्या डेकवर कठड्याजवळच्या बाकावर होतं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "माणूस नाही."

२

ताईंनी खिडकीवर 'दहा मिनिटांत येते' अशी पाटी लावली आणि हरवलेल्या म्हाताऱ्याच्या लेकीला मागच्या खोलीत नेलं. खोली एवढीशी. एक टेबल, एक फोन, भिंतीवर वेळापत्रकं, कोपऱ्यात रंग उडालेलं कपाट. बाहेर दोन होड्या खाडीत शोधायला निघाल्या होत्या. त्यांच्या इंजिनांचा आवाज आत येत होता आणि दर वेळी आवाज थांबला की लेक खिडकीकडे बघत होती.

"सगळं सांगा," ताई म्हणाल्या. "काही गाळू नका. लाज वाटेल ते आधी सांगा."

"काय सांगू? बाबा एकाहत्तर वर्षांचे. छत्तीस वर्षं बस चालवली त्यांनी. आई गेली दीड वर्षापूर्वी, तेव्हापासून आमच्याकडे असतात. महिन्यापूर्वी आमची गाडी त्यांनी फाटकाच्या खांबाला घासली. काही झालं नव्हतं हो, जरासा रंग गेला. पण मी घाबरले. चावी काढून घेतली. म्हटलं, पुरे आता. त्या दिवसापासून ते खुर्चीत बसून असतात. जेवा म्हटलं की जेवतात, झोपा म्हटलं की झोपतात. म्हणून तर इथे घेऊन आले, जरा समुद्र बघतील, बोलतील..."

"फोन आहे त्यांच्याकडे?"

लेकीने खांद्यावरच्या दुसऱ्या पर्सेवर हात ठेवला. "माझ्याकडेच आहे. दोनदा हरवला त्यांनी. औषधं, कार्ड, फोन, सगळं मीच सांभाळते." तिने पर्सेचा पट्टा मुठीत धरला. "काल रात्री जेवताना म्हणाले, 'माझा आता कुणाला काय उपयोग?' मी म्हटलं, 'बाबा, भाजी घ्या.' एवढंच म्हटलं हो मी. भाजी घ्या."

ताईंनी तिचा हात घट्ट धरला.

"बोटीवर तुम्ही कुठे होता?"

"वरच्या डेकवर. मी आणि नवरा फोटो काढत होतो. बाबांना जिना नको म्हणून ते खालीच बाकावर बसले. खाली गाड्या लावतात ना, त्यांच्या शेजारी."

तिचा नवरा, म्हणजे म्हाताऱ्याचा जावई, दारात उभा होता. धिप्पाड माणूस, पण चेहरा पांढरा पडलेला. ताईंनी त्याला विचारलं, "तुम्हीही वरच होता?"

"हो. पूर्ण वेळ. हिच्याबरोबर."

त्याच्या पाठीमागे तांडेल होता. त्याने घसा खाकरला.

"साहेब, मी केबिनमधून बघत होतो. निम्म्या वाटेत तुम्ही खाली गेलात. धक्का जवळ आला तेव्हा वर आलात, रुमालाने तोंड पुसत."

लेकीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने रुमाल खिशात खोल कोंबला.

३

हवालदाराला बोलावणं धाडायच्या आधीच तो आला. त्याला वास येतोच. आल्या आल्या त्याने जावयाला खुर्चीत बसवलं आणि स्वतः टेबलावर बसला.

"सासऱ्यांशी पटत होतं का?"

"पटत होतं... म्हणजे... कुणाचं शंभर टक्के पटतं?"

"खाली कशाला गेला होता?"

जावई बुटांकडे बघू लागला. लेकीचे डोळे त्याच्यावर खिळलेले. ताईंनी पाहिलं, माणूस घाबरलेला नव्हता, ओशाळलेला होता. आणि ओशाळलेल्या माणसाला बायकोसमोर विचारून काही मिळत नाही, हे हवालदाराला कळायला अजून दहा वर्षं लागली असती. त्यांनी लेकीला पाणी आणायला बाहेर पाठवलं.

"आता बोला. पोट बिघडलं होतं ना?"

जावयाने मान खाली घातली. "ओकत होतो, ताई. धक्का सुटला तेव्हापासून मळमळत होतं. महिनाभर घरात सांगत होतो, मला समुद्राची सवय आहे, लहानपण होडीत गेलंय. होडी तळ्यातली होती. आता हिला कसं सांगू?"

हवालदार हसला. ताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो थांबला.

"खाली गेलात तेव्हा सासरे कुठे होते?"

"बाकावर. पेपर वाचत होते. मी मोरीत गेलो. बाहेर आलो तेव्हा पेपर आणि काठी बाकावर होती, ते नव्हते. बोटीचं इंजिन मंद झालं होतं. मला वाटलं, हळूहळू वर गेले असतील. मीही गेलो. वर नव्हते. तेवढ्यात उतरायची गडबड झाली."

"म्हणजे धक्का अगदी समोर आला होता?"

"हो. गाड्या उतरायची पुढची फळी खाली सोडत होते."

ताईंनी ते मनात नोंदलं. धक्क्याजवळ पाणी जेमतेम कमरेइतकं, आणि दोन्ही डेकवरची सगळी माणसं तेव्हा पुढे वाकून धक्क्याकडेच बघत असतात. एवढ्या डोळ्यांसमोर एक उंच म्हातारा पाण्यात पडला आणि कुणी साधं 'अरे!' म्हटलं नाही?

मग त्यांनी फाटकवाल्याला समोर घेतलं. "खरं सांग. चहाला गेला होतास?"

"आईशप्पथ नाही, ताई. डोळ्यांत तेल घालून मोजतो मी. नियम तुम्हाला ठाऊक आहे. गाडीतल्या सगळ्यांनी खाली उतरून पायी बोटीवर चढायचं, गाडीत फक्त चालक. उतरतानाही तसंच. आधी गाड्या उतरतात, त्यांच्या फळीने. मग माणसं माझ्या फाटकातून. मी पायी आलेला प्रत्येक माणूस मोजतो. बासष्ट आले. एकही जास्त नाही, एकही कमी नाही."

"आणि बोटीवर कुणी मागे राहिलं नाही?"

"आम्ही इंजिनखोलीपर्यंत बघितलं. उंदीर सापडला, माणूस नाही."

बाहेर होडीचं इंजिन पुन्हा थांबलं. लेकीच्या हातातला पाण्याचा पेला दारातच खाली पडला.

पण होडीला सापडली होती नुसती एक जुनी दोरी.

४

बारा वाजून गेले. ताई फोनला चिकटून बसल्या. हा माणूस कसाही का होईना, धक्क्यावर उतरला असेल, तर पुढे कशाने तरी गेलाच असणार. आणि इथून पुढे जायच्या वाटा त्यांच्याइतक्या कुणाला माहीत होत्या?

मिनीबसवाल्याने सांगितलं, काठीवाला किंवा बिनकाठीचा, एकटा म्हातारा कुणी चढला नाही. बॅटरीगाड्यांचे सातही चालक समोर उभे राहून नाही म्हणाले. सायकलवाल्याने तर उलट विचारलं, "एकाहत्तराव्या वर्षी सायकल? ताई, बऱ्या आहात ना?" लेकीने राखून ठेवलेल्या हॉटेलात विचारलं. तिथे कुणी पाहुणा आलेला नव्हता. आरोग्य केंद्रात विचारलं, "कुणी वयस्कर गृहस्थ दाखल झालेत का?" परिचारिकेने कागद चाळले. "वयस्कर कुणी नाही. सकाळपासून एकच पेशंट आहे. लाँड्रीच्या गाडीचा चालक, चक्कर येऊन. पावणेअकरापासून सलाइन चालू आहे." ताईंनी आभार मानून फोन ठेवला.

आता एकच वाट उरली होती, आणि ती पाण्यात जात होती.

ताई खुर्चीत मागे टेकल्या. आपण सांगितलं, 'बोटीने या.' ती रस्त्याने यायचाही विचार करत होती. रस्त्याने आली असती तर तिघंही ओकत ओकत का होईना, आले असते. एकोणीस वर्षांचा तो अभिमान त्यांना या क्षणी फार बारीक वाटला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायच्या आत फोन वाजला.

टेकडीखालच्या छोट्या लॉजच्या मालकीणबाई होत्या. त्या रोज काहीतरी निमित्त काढून फोन करत.

"ताई, मिनीबस वेळेवर आहे ना आज? बरं, एक गंमत ऐका. ती लाँड्रीची गाडी येते ना आमच्याकडे, चादरी घेऊन? तो पोरगा रोज बोळात गाडी उलटी घेताना माझी एक कुंडी फोडतो. आज पंधरा मिनिटांपूर्वी गाडी आली, एका दमात उलटी आत! दोन्ही बाजूंना बोटभर जागा, पण कुठे खरचटलं नाही. मी माडीवरून गाडीचं छप्पर बघतच राहिले. खाली येईपर्यंत धुतलेल्या चादरी दारात नीट रचलेल्या, गाडी गेलीसुद्धा. शिकला म्हणायचं एकदाचा!"

"चांगलं झालं," ताई यांत्रिकपणे म्हणाल्या. "ठेवते हं, इथे जरा गडबड आहे."

फोन ठेवला, पण त्यावरचा हात काही निघाला नाही.

फाटकवाल्याला वाटलं, ताईंनाही चक्कर येतेय. तो पाणी घेऊन धावला.

"तांडेलाला बोलाव," त्या म्हणाल्या. "आत्ता. पळत."

तांडेल आला. ताईंनी वर्तमानपत्र त्याच्यासमोर धरलं. "हे असं घडी केलेलं होतं बाकावर?"

"नाही. घडी मी केली. बाकावर पूर्ण पसरलेलं होतं, उडू नये म्हणून वर काठी आडवी ठेवलेली. आणि काठीखाली हा चष्मा." त्याने खिशातून चष्मा काढला. "हा द्यायचा राहिलाच गडबडीत."

ताईंनी लेकीकडे वळून विचारलं, "वडिलांचे चष्मे किती?"

"दोन. एक वाचायचा, एक लांबचा. हा... हा वाचायचा आहे. लांबचा त्यांच्या वरच्या खिशात असतो."

"तो सापडला नाही," ताई म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या. "हवालदार, त्या होड्या परत बोलवा."

"म्हणजे? सापडले?" हवालदार टेबलावरून खाली उतरला.

"सापडलेच समजा. मला फक्त एक फोन करू द्या. मघाशी मी प्रश्नच चुकीचा विचारला."

५

त्यांनी पुन्हा आरोग्य केंद्र लावलं, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून फोनचा स्पीकर चालू केला.

"मघाचा तो लाँड्रीवाला पेशंट. त्याला आणलं कुणी?"

"एका आजोबांनी," परिचारिका म्हणाली. "उंच होते. खांद्याला धरून आत आणलं, नीट बाकावर निजवलं, त्याच्याशी काहीतरी बोलले आणि गेले."

लेक मटकन खाली बसली. जावई तिला सावरायला वाकला आणि तोल जाऊन दोघंही फाटकवाल्याच्या अंगावर कलंडली.

"मघाशी का नाही सांगितलं?" हवालदार फोनवर ओरडला.

"तुम्ही दाखल झालेला म्हातारा विचारलात. आणून सोडणारा कुठे विचारलात?"

ताईंनी फोन ठेवला. एकोणीस वर्षं लोक त्यांना भलतेच प्रश्न विचारत आले होते आणि त्या मनातल्या मनात हसत आल्या होत्या. आज स्वतःवर पाळी आली.

"पण ताई," फाटकवाला रडकुंडीला आला होता, "ते माझ्या फाटकातून गेलेच नाहीत!"

"नाहीच गेले. तुझी मोजणी बरोबर होती, म्हणून तर सापडले. पायी चढले त्रेसष्ट, पायी उतरले बासष्ट. तू पायी चालणारा माणूस मोजतोस. गाडीच्या चालकाला कुणीच मोजत नाही, ना तिकडे, ना इकडे. हे बोटीवर चढले पायी आणि उतरले गाडी चालवत. लाँड्रीची गाडी रोज सगळ्यात पुढे लावतात. धक्का जवळ आला तेव्हा त्या चालकाला चक्कर आली. मागे गाड्या भोंगे वाजवत असणार, फळी खाली येतेय, आणि शेजारच्या बाकावर छत्तीस वर्षं बस चालवलेला माणूस. तो काय बघत बसेल?"

"आणि खरा चालक?" हवालदार.

"शेजारच्या सीटवर आडवा. तो चालून उतरला असता तर आकडा पुन्हा त्रेसष्ट झाला असता आणि आपल्याला पत्ताच लागला नसता. फळी सोडणारा खलाशी साखळीकडे बघतो, आत कोण बसलंय ते नाही बघत."

"हे तुम्हाला कुंडीवरून कळलं?" तांडेलाने विचारलं.

"कुंडीवरून आणि चष्म्यावरून. पावणेअकरापासून ज्याच्या हाताला सुई टोचलीये, तो बारा वाजता बोळात गाडी उलटी कशी घेईल? म्हणजे गाडी दुसरंच कुणी चालवतंय, आणि फार छान चालवतंय. इकडे हे आजोबा वाचायचा चष्मा ठेवून लांबचा घालून गेले. जीव द्यायला निघालेला माणूस चष्मा बदलत नाही."

लेक रडत होती, पण आता वेगळं रडत होती. "मग काठी? पेपर? ते का ठेवून गेले असे?"

"आयुष्य बसमध्ये गेलं ना त्यांचं? बसमध्ये माणूस सीटवर रुमाल नाहीतर पेपर टाकून खाली उतरतो, तो कशासाठी?"

"जागा धरायला," जावई म्हणाला.

"हो. 'मी आहे, येतोच' म्हणून. त्यांनी तुमच्यासाठी निरोप ठेवला होता हो. आपण तो उचलून घडी करून खिशात घातला आणि खाडीत शोधत बसलो."

तांडेलाने खजील होऊन टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"चला आता," ताई म्हणाल्या. "ते हरवलेले नाहीत. ज्याच्या चादरी वेळेवर पोचल्या पाहिजेत त्याचं काम करतायत. लाँड्रीवाल्याच्या यादीत सगळ्यात शेवटचं ठिकाण कुठलं, ठाऊक आहे? तुम्ही राखून ठेवलेलं हॉटेल. ते तुमच्याकडेच येतायत. तुम्हीच इथे बसून राहिलात."

६

कशाने जायचं, हा प्रश्न ताईंना दोन सेकंद पुरला. मिनीबस आत्ताच सुटली होती. किनाऱ्याचा रस्ता बंद, म्हणून हवालदाराची जीप टेकडीवरून फिरून जाणार, पंचवीस मिनिटं. बॅटरीगाडीला किनारा मोकळा, नऊ मिनिटं.

"बॅटरीगाडी," त्या म्हणाल्या, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या सल्ल्यावर स्वतः बसून निघाल्या.

वाटेत लेकीने एकदाच तोंड उघडलं. "ताई, ते नसले तर?"

"असतील," ताई म्हणाल्या. पण त्यांनाही पुढचं वळण कधी येतंय असं झालं होतं. तर्क कितीही पक्का असला तरी माणूस डोळ्यांनी दिसेपर्यंत तो तर्कच.

हॉटेलच्या मागच्या दाराशी कुणी नव्हतं. एक रिकामं अंगण, दोरीवर चार टॉवेल, दारात मळक्या चादरींची गाठोडी. लेक अंगणाच्या मधोमध उभी राहिली. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. जावयाने तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला.

मग भिंतीपलीकडे इंजिनचा आवाज आला. एक पांढरी गाडी उलटी, सावकाश, सरळ रेषेत अंगणात शिरली आणि दारापासून हातभर अंतरावर थांबली. दार उघडून एक उंच म्हातारा खाली उतरला. डोळ्यांवर लांबचा चष्मा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कपाळावर घाम. हातात यादी होती. ती डोळ्यांपासून दूर धरून तो वाचायचा प्रयत्न करत होता.

"पोचलात का तुम्ही?" तो म्हणाला. "बरं झालं. जरा ही यादी वाच गं, माझा चष्मा बोटीवर राहिलाय. मोठ्या चादरी बारा की वीस?"

लेक धावली आणि त्याच्या छातीवर जाऊन आदळली. यादी खाली पडली. ती काहीतरी बोलत होती, पण त्यातला एकही शब्द कुणाला कळला नाही. त्यालाही नाही. तो गोंधळून तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला.

"अगं, काय झालं? त्या पोराला चक्कर आली. साखर उतरली होती त्याची, हात गार पडले होते. त्याला दवाखान्यात सोडला तर रडायला लागला. एकपर्यंत चादरी पोचल्या नाहीत तर कामावरून काढतील म्हणाला. मग म्हटलं, लायसन माझ्या खिशात आहे, अजून दोन वर्षं चालेल. यादीत तुमचं हॉटेलही दिसलं, म्हणजे दिसलं नाही, त्या पोरानेच सांगितलं. म्हटलं, तुम्ही मिनीबसने पोचाल, मी यातून पोचेन. फोन करणार कसा, नंबर पाठ नाही."

"बाबा, आम्हाला वाटलं..." लेकीने खाडीच्या दिशेने हात केला. "खाडीत होड्या शोधतायत तुम्हाला. आम्हाला वाटलं, तुम्ही उडी मारलीत."

म्हाताऱ्याने डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"उडी? मी? अगं, मला उत्तम पोहता येतं!"

बॅटरीगाडीवाला फिस्सकन हसला. जावई हसला. ताईंनाही हसू फुटलं. सकाळपासून आवळून धरलेलं सगळं त्या हसण्याबरोबर मोकळं झालं. त्यांनी पदराने डोळे पुसले, बाजूला जाऊन तांडेलाला फोन लावला आणि माणूस सुखरूप असल्याचं सांगितलं. तिकडून धक्क्यावरचा आरडाओरडा इतका मोठा आला की त्यांनी फोन कानापासून लांब धरला.

त्या परत वळल्या तेव्हा हसणं ओसरलं होतं. म्हातारा गाडीच्या पायरीवर बसला होता आणि लेक त्याच्यासमोर जमिनीवर.

"तुला खरंच असं वाटलं?" तो विचारत होता.

तिने मान डोलावली.

"म्हणजे मी घरात तसाच बसत होतो."

"हो, बाबा."

त्याने दुमडलेल्या बाह्या सोडवून खाली घेतल्या. "मला वाटायचं, तुम्हाला माझा त्रास नको, म्हणून गप्प बसावं. खांबाला गाडी लागली तेव्हा मीही घाबरलो होतो गं. तू चावी मागितलीस, मी लगेच दिली. भांडायला हवं होतं मी तुझ्याशी."

"मग भांडायचं होतं ना!" ती ओरडली. "मी महिनाभर वाट बघत होते तुम्ही भांडाल म्हणून!"

जावयाने मधल्या मधे यादी उचलली, वाचली, आणि एकट्याने चादरी मोजून आत न्यायला सुरुवात केली. मोठ्या बारा होत्या, छोट्या वीस.

काम संपलं तेव्हा म्हातारा उठला. "त्या पोराची सुई आता निघाली असेल. त्याची गाडी त्याला द्यायला हवी." तो दाराकडे वळला आणि थांबला. मग लेकीकडे बघून विचारलं, "तू चालवतेस का?"

लेकीने नाक पुसलं. ती गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेली, आत चढली आणि पट्टा लावला.

"मळक्या चादरींचा वास येतोय," ती आतून म्हणाली. "काच खाली करा आणि चला. आणि बाबा, मला काही चुकलंय असं वाटलं तर मी बोलणार. तुम्हीही बोलायचं."

"बोलेन," तो म्हणाला आणि चढून बसला. गाडी अंगणातून बाहेर पडायच्या आतच दोघांचा आवाज चढलेला ताईंना ऐकू आला. वाद कशावरून होता ते कळलं नाही, पण म्हातारा माघार घेत नव्हता.